‘नको’ ऐकल्यावर काय करायचे: सुवार्ता नाकारली जाते तेव्हाचे टप्पे

साक्ष कशी द्यायची, म्हणजे ख्रिस्ताची सुवार्ता (शुभसंदेश) आपल्या अनुभवातून कशी सांगायची, हे आपल्या मंडळ्यांत (चर्चमध्ये) शिकवले जाते. ‘नको’ ऐकल्यावर काय करायचे हे फारसे कोणी शिकवत नाही, म्हणून त्याच त्या तीन चुका होत राहतात. एक जण तिथल्या तिथे वाद घालतो. दुसरा रुसतो आणि त्या घराची पायरी चढणेच सोडतो. तिसरा हसून ‘बरं’ म्हणतो आणि दुसऱ्या दिवसापासून रोज पहाटे व्हॉट्सअॅपवर बायबलमधले वचन पाठवू लागतो. तिघांचेही प्रेम खरे असते. चुकतो तो क्रम. समोरच्याने नेमके काय नाकारले हे कळण्याआधीच ते उत्तर देऊन मोकळे होतात.

पुढचे टप्पे शेजारी, नातेवाईक, कामावरचे सोबती अशा ओळखीच्या माणसांशी बोलताना वापरायचे आहेत. मी यातली जवळजवळ प्रत्येक चूक केली आहे, त्यातली एक खाली सविस्तर सांगितली आहे.

टप्पा १: तोंड उघडण्याआधी

नकार झेलण्याची तयारी नकारानंतर करता येत नाही. ती आधीच व्हावी लागते, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होते.

पहिले काम, स्वतःला एक प्रश्न विचारा: हा माणूस ख्रिस्ताकडे कधीच वळणार नाही असे आज मला कळले, तर त्याच्या मुलीच्या लग्नात मी पंगतीला वाढायला उभा राहीन का? उत्तर द्यायला अडखळलात तर अजून सुवार्ता सांगू नका. त्याला तुमचा अडखळा आधीच दिसलेला असतो.

दुसरे, साक्ष तीन मिनिटांत बसवा. मी कसा होतो, ख्रिस्ताने माझ्यासाठी काय केले, आज माझ्या जगण्यात काय बदलले आहे. घरात मोठ्याने बोलून घड्याळ लावून पाहा. पाऊण तास चाललेल्या साक्षीला लोक कंटाळून ‘नको’ म्हणतात आणि आपण समजतो सुवार्ता नाकारली.

तिसरे, मदत आणि सुवार्ता एकाच पिशवीतून नेऊ नका. किराणा द्यायला गेलात त्या दिवशी किराणाच द्या. रुग्णाच्या खाटेजवळ डबा घेऊन गेलात तर डबा ठेवा, विचारपूस करा, परत या. ज्याच्या स्वयंपाकघरात तुमचे तांदूळ शिजत आहेत त्याला ‘नाही’ म्हणता येत नाही, आणि ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही त्याच्या ‘हो’ला काही वजन नसते. त्याने स्वतः विचारले, तर मात्र जेवढे विचारले तेवढे सांगा.

यात कायद्याचीही बाजू आहे. संविधानाचे कलम २५ प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा अधिकार देते. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की प्रसाराचा अधिकार म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा अधिकार नव्हे. शिवाय अनेक राज्यांत बळजबरी, फसवणूक किंवा आमिष दाखवून होणाऱ्या धर्मांतराविरुद्ध वेगळे कायदे आहेत, आणि ‘आमिष’ या शब्दाची व्याख्या बरीच रुंद असते. आपल्या राज्यात सध्या काय लागू आहे ते मंडळीच्या ओळखीच्या वकिलाकडून समजून घ्या. पण माझ्या दृष्टीने कायदा हे दुसरे कारण आहे. आमिषाने आलेला माणूस येशूने मागितलाच नव्हता.

चौथे, परवानगी मागा, आणि अशी मागा की नाकारणे सोपे जावे. “काकू, माझ्या वाईट दिवसांत मला प्रार्थनेतून काय मिळालं ते सांगू का? ऐकायचं नसेल तर राहू दे, आपण चहा घेऊ.” काकू म्हणाल्या “चहाच घेऊ”, तर चहा घ्या. हाही नकारच आहे, आणि सगळ्यात स्वस्तात मिळालेला.

तपासा: हातात सुवार्तेच्या छापील पत्रिकांचा गठ्ठा आहे का? असेल तर पिशवीत टाका. कागद हातात दिसला की समोरचा माणूस तुमच्या चेहऱ्याकडे पाहत नाही.

टप्पा २: ‘नको’ कानावर पडते तो मिनिट

इथे करायचे एकच आहे, गप्प बसायचे. त्याचे वाक्य पूर्ण होऊ द्या. पूर्ण झाल्यावरही मनात पाच आकडे मोजा, कारण पुष्कळ माणसे पहिल्या वाक्यात शिष्टाचार बोलतात आणि खरे कारण दुसऱ्या वाक्यात येते.

मग म्हणा, “ठीक आहे. स्पष्ट सांगितलंत, बरं झालं.” त्यानंतर ‘पण’ नको. “ठीक आहे, पण एकदा विचार करून बघा” यातला ‘पण’ आधीचे सगळे पुसून टाकतो.

या मिनिटात हमखास तोंडातून निघणारी आणि मैत्री तोडणारी वाक्ये ही: “उद्या मेलात तर कुठे जाल?” “तुमचे देव तुम्हाला काय देतात?” “सैतानाने तुमचे डोळे झाकले आहेत.” शेवटचे वाक्य मी एका भल्या माणसाच्या तोंडून एका म्हातारीसमोर ऐकले आहे. देवघराकडे पाठ करून ती उठली, पदर सावरला आणि स्वयंपाकघरात गेली. आम्ही निघेपर्यंत ती बाहेर आली नाही.

सावधान: कोणाच्या देवाची, मूर्तीची, उपासाची चेष्टा कधीही नको. हेतुपुरस्सर धार्मिक भावना दुखावणे हा गुन्हा आहे. जुन्या दंड संहितेतले कलम २९५-अ आता भारतीय न्याय संहितेत कलम २९९ आहे. पण आपल्याला त्याहून मोठा दाखला पवित्र शास्त्रातच आहे. इफिस शहरात प्रेषित पौलाच्या शिकवणीवरून दंगल उसळली तेव्हा नगराचा लेखक, म्हणजे तिथला अधिकारी, जमावाला म्हणाला की ही माणसे मंदिर लुटणारी नाहीत आणि आपल्या देवीची निंदा करणारीही नाहीत (प्रेषितांची कृत्ये १९:३७). पौल त्या शहरात दोनेक वर्षे शिकवत होता. एवढ्या काळात त्याच्या सोबत्यांवर निंदेचा आरोप करता आला नाही, आणि आपण अर्ध्या तासात तशी वेळ आणतो.

टप्पा ३: नकार कशाला आहे ते ओळखा

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा. इथे घाई नको.

वातावरण मोकळे असेल तरच एक प्रश्न विचारा: “यातलं तुम्हाला नेमकं काय पटत नाही, सांगाल का? मी उत्तर देणार नाही, फक्त ऐकतो.” आणि मग खरोखर उत्तर देऊ नका. ही अट पाळणे फार अवघड जाते, कारण त्याच्या प्रत्येक वाक्याला आपल्याजवळ वचन तयार असते. ते तिथेच राहू द्या. साधारणपणे पुढचे पाच प्रकार ऐकू येतात, आणि प्रत्येकाला वेगळे वागावे लागते.

वेळेचा नकार. “आत्ता नको, पोरांच्या परीक्षा आहेत.” अथेन्समध्ये पौलाचे ऐकून काहींनी थट्टा केली, काही म्हणाले याविषयी पुन्हा ऐकू, आणि काहींनी विश्वास ठेवला (प्रेषितांची कृत्ये १७:३२-३४). मधल्या लोकांना आपण उगाच पहिल्यांत ढकलतो. “पुन्हा बघू” म्हणणाऱ्याला तारीख मागू नका. ‘बरं’ म्हणा, आणि परीक्षेचे काय झाले ते मात्र आठवणीने विचारा.

किमतीचा नकार. येशूबद्दल त्याची तक्रार नसते. त्याच्यापुढे भावकी असते, बहिणीचे ठरत आलेले लग्न असते, आईच्या तेराव्याला कोण बसणार हा प्रश्न असतो. अनुसूचित जातीतल्या माणसापुढे आणखी एक ठोस गोष्ट असते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी हिंदूंपुरता होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. म्हणजे त्याच्या मुलाची शिष्यवृत्ती, राखीव जागा, नोकरी यांचा हा प्रश्न आहे. “देव पुरवेल” असे तुम्ही, ज्याचे काहीच जाणार नाही असा माणूस, सहज म्हणू नका. किंमत खरी आहे हे मान्य करा. येशूनेही बुरूज बांधणाऱ्याला आधी बसून खर्चाचा हिशेब करायला सांगितले होते (लूक १४:२८). हिशेब करणारा माणूस त्याचेच ऐकतो आहे.

ख्रिस्ती माणसांना दिलेला नकार. “तुमच्या मंडळीतल्या एकाने माझे वीस हजार बुडवले.” “तुमच्या लोकांनी आमच्या पोराला फितवलं.” इथे ख्रिस्त अजून नाकारलाच गेलेला नाही, कारण तो दिसायच्या आधी आपण वाटेत उभे आहोत. ‘सगळेच तसे नसतात’ हे वाक्य गिळा. “हे चुकलं. मला वाईट वाटतं,” एवढे म्हणा. माणूस तुमच्याच मंडळीतला असेल तर पाळकांशी बोला आणि वीस हजारांचे काही होते का ते पाहा. माझे स्पष्ट मत आहे की तो हिशेब मिटेपर्यंत त्या घरात सुवार्तेचा शब्द काढू नये.

विचार करून दिलेला नकार. समोरचा माणूस बौद्ध असेल तर त्याच्या घराण्याच्या आठवणीत १४ ऑक्टोबर १९५६ चे नागपूर असते, बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा असतात. कोणी तरी बाहेरून येऊन त्याला देव सांगावा याला त्याच्याकडे विचारपूर्वक केलेला विरोध आहे. गळ्यात तुळशीची माळ घालून तीस वर्षे वारी करणाऱ्याची विठ्ठलाशी जडलेली प्रीतीही वरवरची नसते. अशा माणसाला ‘अज्ञानी’ समजून बोललात तर तो उठून जाईल, आणि त्याचे बरोबर असेल. त्याला विचारा, त्याचे ऐका, दोनदा ऐका. पेत्राने आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर द्यायला सिद्ध राहा म्हटले, आणि लगेच ते सौम्यतेने द्यायला सांगितले (१ पेत्र ३:१५). ‘विचारणाऱ्याला’ हा शब्द आपण वाचताना ओलांडून जातो.

ख्रिस्तालाच दिलेला नकार. सगळे समजले, आणि तरीही नको. मार्कच्या दहाव्या अध्यायातला श्रीमंत माणूस असाच खिन्न होऊन निघून गेला. त्याआधी येशूने त्याच्याकडे निरखून पाहिले आणि त्याच्यावर प्रीती केली, असे तिथे लिहिले आहे. त्याच्यामागे धावत जाऊन अट कमी केली, असे लिहिलेले नाही. त्याला धाकही घातला नाही. आपल्यालाही याहून वेगळे काही करायचे नाही.

तपासा: त्याने काय नाकारले ते त्याच्याच शब्दांत तुम्हाला एका वाक्यात सांगता येते का? येत नसेल तर तुम्ही ऐकलेले नाही.

टप्पा ४: निरोप

विषय बदलायची जबाबदारी तुमची. तो अवघडलेला असतो, कारण त्याने पाहुण्याला नाही म्हटले आहे. “तुमच्या गुडघ्याचं काय म्हणाले डॉक्टर?” असे काही तरी विचारा, पाच-दहा मिनिटे बसा, मग उठा. नकार मिळताच उठलात तर त्याला वाटते, हा एवढ्यासाठीच आला होता.

दारात उभे राहून शेवटचे वचन ऐकवू नका. “तुमच्यासाठी प्रार्थना करतो” हेही या दिवशी नको. बऱ्याच कानांना ते ‘तुम्ही चुकलात’ असेच ऐकू येते. प्रार्थना करा, सांगू नका. दिलेले पुस्तक परत केले तर दोन्ही हातांनी घ्या.

पायांची धूळ झटकण्याचे वचन (मत्तय १०:१४) इथे हमखास चुकीचे लावले जाते. शिष्यांना जे गाव स्वीकारणार नाही तिथून निघून जायला येशूने सांगितले. शेजाऱ्याशी बोलणे टाकण्याचा, मनात शाप धरून बसण्याचा तो परवाना नाही. शोमरोनी गावाने येशूला उतरू दिले नाही तेव्हा त्याचे शिष्य याकोब आणि योहान आकाशातून अग्नी पाडायला निघाले होते. येशूने त्यांना धमकावले, आणि ते दुसऱ्या गावाला गेले (लूक ९:५२-५६).

टप्पा ५: नकाराला धमकीचे वळण लागले तर

घरमालक ओरडू लागला, चार जण जमले, कोणी मोबाइल काढून चित्रण करू लागला, तर बोलणे तिथेच थांबवा. हक्क समजावून सांगायची ती वेळ नाही. “आम्ही निघतो” म्हणा आणि निघा. एकट्याने जाऊच नका. येशूने सत्तर जणांनाही दोघादोघांनी पाठवले होते. बाया आणि मुले आधी बाहेर काढा. अंगावर कोणी आले तर ११२ वर फोन करा, मग पाळकांना कळवा. घरी पोचल्यावर वेळ, ठिकाण, कोण काय बोलले हे लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी आठवणीत भर पडते. वाचल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही नको.

सावधान: ती चित्रफीत ‘छळ’ म्हणून पुढे पाठवू नका. त्या गावात दुसरी ख्रिस्ती घरे असतील, ती तिथेच राहणार आहेत.

टप्पा ६: त्याच रात्री

नकार लागतो. लागू द्या. “जो तुम्हाला नाकारतो तो मला नाकारतो,” असे येशूने सांगितले ते याच ओझ्यासाठी (लूक १०:१६). जे काय म्हणायचे ते देवाला म्हणा, आणि हवे तर एकाच विश्वासू माणसाला.

आता माझी चूक. कामावरच्या एका सोबत्याला मी नवा करार दिला होता. दुसऱ्या दिवशी त्याने तो वर्तमानपत्रात नीट गुंडाळून परत दिला, म्हणाला, “आमच्या घरात नको, आई चिडेल.” किमतीचा नकार, इतका सरळ. मी त्या रात्री मंडळीच्या ग्रुपवर त्याच्या नावासकट लिहिले: ‘अंतःकरण कठोर आहे, प्रार्थनेत आठवण ठेवा.’ ग्रुपवर दीडशेच्या वर माणसे. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो माझ्या दारात. चपला न काढता पायरीवरच उभा, हातात मोबाइल, पडद्यावर माझाच मजकूर. “कठोर? तुझ्या आईला रात्री दोन वाजता दवाखान्यात कोणी नेलं होतं?” माझी बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली, तोवर तो वळला होता.

तेव्हापासूनचा माझा नियम: नाकारणाऱ्याचे नाव ग्रुपवर नाही, साक्षसभेत नाही, प्रार्थनेच्या चिठ्ठीवर नाही. एक वही आहे, तिच्यात नाव, तारीख आणि त्याचे शब्द. त्या शब्दांबद्दल माझे मत लिहीत नाही.

टप्पा ७: पुढचे महिने

माझ्या चुकीनंतर मी पहिल्यांदा केले ते हे: क्षमा मागायला त्याच्या घरी गेलो आणि ज्या ग्रुपवर लिहिले होते तिथेच लिहिले की मी चुकलो, तो माणूस माझ्या आईचा उपकारकर्ता आहे. तुमच्याकडून असे काही झाले असेल तर हे आठवड्याच्या आत करा. जेवढ्या लोकांसमोर चूक, तेवढ्यांसमोर क्षमा.

त्यानंतर जे आधी चालू होते ते सगळे चालू ठेवा. त्याचा दिवाळीचा फराळ येतो, तर आपल्या नाताळाच्या करंज्या गेल्या पाहिजेत, ताटाखाली पत्रिका न ठेवता. मयताला जा, बारशाला जा. रोजची वचने पाठवणे बंद करा. उपासनेचे निमंत्रण वर्षाला एकदा, नाताळाला, बाकीच्या शेजाऱ्यांना देता तेव्हाच आणि तसेच. आले नाहीत तर “का आला नाहीत?” विचारायचे नाही.

पुन्हा सुवार्तेविषयी कधी बोलायचे? त्याने विचारले तर लगेच. नाही विचारले तर एका वर्षाच्या आत स्वतःहून विषय काढू नये, असे मी धरून चालतो. आणि काढायचाच तर पुन्हा परवानगीपासून, पहिल्या टप्प्यापासून.

नकार घरातलाच असेल तर मुदत आणखी लांबवा. येशूचे भाऊ त्याच्यावर विश्वास ठेवत नव्हते, असे योहान सरळ लिहितो (७:५). पुनरुत्थानानंतर तेच भाऊ माडीवरच्या खोलीत प्रार्थनेला बसलेले दिसतात. आपल्याकडे नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० मध्ये. मधली पाच वर्षे त्या घराने काय सोसले ते लक्ष्मीबाईंनी स्वतःच लिहून ठेवले आहे. विश्वासात नसलेल्या नवऱ्याला बायकोने उपदेश करत सुटू नये, तिचे वागणेच बोलावे, असे पेत्र सांगतो (१ पेत्र ३:१). नवऱ्यांनाही मी तेच सांगेन. जेवणाआधीची प्रार्थना लांबवून ताटावर बसलेल्यांना उपदेश ऐकवणे बंद करा. घरातली माणसे ते ओळखतात, आणि भाजी निवते.

तपासा, दर तीन महिन्यांनी: त्या माणसाला अलीकडे कशाची काळजी लागली आहे ते तुम्हाला ठाऊक आहे का? नसेल तर नाते चालू नाही, नुसती वाट पाहणे चालू आहे.

माझ्या त्या सोबत्याने विश्वास ठेवलेला नाही. पायरीवरच्या त्या संध्याकाळनंतर आठ महिने तो मोजकेच बोलत होता. मग दिवाळीला फराळ आला, नाताळाला करंज्या गेल्या, असे तीनदा झाले. गेल्या पावसाळ्यात त्याची आई पडली, खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री साडेअकराला त्याचा फोन आला.

“जागा आहेस का? आईसाठी प्रार्थना कर,” तो म्हणाला. “आणि ग्रुपवर टाकू नको.”

मी वहीत तारीख लिहिली, आणि पहाटे डबा घेऊन दवाखान्यात गेलो.